मागे जाणारा शब्द

“पाठकजी? वो तो डेढ़ साल से स्क्रैप यार्ड में बैठते हैं.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. कारखान्याच्या आत, पाण्याच्या टाकीपाशी दोन कामगार कागदाच्या पुड्यातली बुंदी खात उभे होते. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्याचा पत्ता सांगावा तितक्या सहजपणे त्यांतल्या एकाने दुसऱ्याला ते सांगितलं. दुसरा फक्त “अच्छा” म्हणाला आणि हात धुवायला वाकला. मी त्यांच्या मागे खांबाला टेकून माझ्या मैत्रिणीची, रेणूची, वाट पाहत होते. पाठकजी म्हणजे माझे बाबा. माझ्या हातात झेंडूचा हार होता, बाबांच्या मशीनला घालायला घरून आणलेला.

भोपाळच्या ज्या टाऊनशिपमध्ये मी वाढले तिथे दिवस कारखान्याच्या भोंग्याने सुरू व्हायचा आणि भोंग्यानेच संपायचा. आमच्या रांगेत बारा क्वार्टर्स होती, एकसारखी पिवळी, प्रत्येकापुढे मेंदीचं कुंपण. आमच्या एका बाजूला रेणूचे आईवडील, म्हणजे श्रीवास्तव कुटुंब, दुसऱ्या बाजूला एक केरळी कुटुंब. पाठक हे आडनाव ऐकून नवे लोक आम्हाला हटकून उत्तर प्रदेशातले समजत आणि बाबांना विचारत, आप कहाँ के पाठक? मग आई दारातून सांगायची, “हम वर्धा के हैं जी,” आणि आत येऊन मला म्हणायची, हिंदीत ‘आहे’ला एवढं ‘हैं हैं’ करावं लागतं की नाकच दुखतं. वर्ध्याला आई शाळेत शिक्षिका होती. लग्नात तिने ती नोकरी सोडली ती बाबांची नोकरी जन्माची आहे म्हणून. हे ती कधी तक्रारीने बोलत नसे. अभिमानाने बोलत असे, आणि मला वाटतं बाबांना ते तक्रारीपेक्षा जड जात असावं.

त्या कारखान्याचं फाटक वर्षातून एकदाच, विश्वकर्मा पूजेला, घरच्या माणसांसाठी उघडत असे. पास मिळायचे. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, मुलांना तेल लावून आत जायच्या आणि ज्या यंत्रावर आपल्या माणसाचं आयुष्य चाललंय ते बघून यायच्या. यंत्रांना हळदकुंकू, हार, नारळ. मी चार वर्षांची असल्यापासून जात होते. बाबांचं मशीन सहा नंबर. दुमजली घराएवढं उंच, आणि त्याचं फिरणारं टेबल आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठं. त्यावर लोखंडाची प्रचंड कडी ठेवून बाबा ती आतून कोरत असत, केसाएवढाही फरक न करता. पूजेच्या दिवशी ते मला उचलून त्या टेबलावर उभं करायचे. मी अतिशय बुजरी मुलगी होते, चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण त्या टेबलावर उभं राहिलं की मला कुणाचीच भीती वाटत नसे.

गेल्या वर्षी नेमका पूजेच्या दिवशी बाबांना ताप आला होता. या वर्षी त्यांनी सांगितलं की आमच्या ब्लॉकला पास कमी आलेत, लहान मुलंवाल्यांना दिले. मला ते पटलंही. मी अकरावीत होते, हट्ट करायचं वय गेलं होतं. पण श्रीवास्तव आंटींकडे एक पास उरला, रेणूची आत्येबहीण आली नाही म्हणून, आणि मी तिच्या जागी निघाले. आईला सांगितलं, बाबांना सांगितलं नाही. त्यांना चकित करायचं होतं.

बुंदी खाणारे निघून गेल्यावर मी एकटीच सहा नंबरपाशी गेले. त्याच्यावर ताडपत्री होती, दोरीने गच्च आवळलेली, आणि दोरीच्या गाठींत धूळ बसली होती. पलीकडे एक नवं मशीन उभं होतं, पांढरंशुभ्र, बंद कपाटासारखं, बाजूला टीव्हीसारखा छोटा पडदा. सगळे हार त्याच्यावर होते. तिथे शर्ट खोचलेले तरुण उभे होते, कुणीतरी फोटो काढत होतं. मी विचारलं नाही, कुणाला विचारणं मला जमतच नसे. मी भिंतीच्या कडेकडेने चालत राहिले आणि दोन ब्लॉक ओलांडून, गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगांमागे, मला बाबा दिसले.

एक पत्र्याची शेड होती. एक टेबल, त्यावर जाड रजिस्टर. शेजारी भंगार तोलायचा मोठा काटा. बाबांनी काट्याला कुंकू लावलं होतं. त्यावर एक, फक्त एक, फूल ठेवलं होतं आणि उदबत्ती खोचायला काही नसल्यामुळे ती एका बोल्टच्या छिद्रात उभी केली होती. आईने सकाळी कडक इस्त्री करून दिलेला गणवेश घालून ते हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले होते. मी किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. उदबत्तीची राख पडण्याइतका असेल. मग मी आल्या वाटेने परत गेले, हार रेणूच्या हातात दिला आणि म्हटलं, बाबांच्या मशीनला आधीच खूप हार होते. ती माझी त्या प्रकरणातली पहिली थाप. बाबांच्या किती झाल्या होत्या ते मी अजून मोजलं नव्हतं.

संध्याकाळी ते बुंदीचा पुडा घेऊन घरी आले. आई पोळ्या लाटत होती. साधं जेवण होतं, तोंडल्याची भाजी, वरण-भात, दाण्याची चटणी. मी कुठे गेले होते हे आई बोलेल म्हणून मी ताटातून मान वर करत नव्हते, पण आईचं लक्ष बाबांकडे. बाबा सांगत होते की या वेळी सहा नंबरपाशी मोठ्या साहेबांनी स्वतः नारळ फोडला, आणि नारळ पहिल्या फटक्यात फुटलाच नाही, तेव्हा बाबा म्हणाले की साहेब, इसको भी टॉर्क चाहिए, म्हणजे पिळाचा जोर, आणि सगळे हसले. आईही हसली. इतकं बारीक, इतकं खरं वाटणारं सांगत होते ते, की क्षणभर मलाच वाटलं आपण पाहिलं ते चुकीचं असेल. आई म्हणाली, “मोठ्या साहेबांना टॉर्क शिकवता आणि घरातला नळ आठ दिवस गळतोय.” बाबा म्हणाले, उद्या करतो. मग रोजच्यासारखं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “बोल शुभा, आजचा शब्द?”

हा आमचा खेळ होता. मी इंग्रजी शाळेत जायची, बाबा खेड्यातल्या मराठी शाळेतून आणि नंतर आयटीआयमधून आलेले. रोज जेवताना मी त्यांना एक इंग्रजी शब्द द्यायचा. मग ते कपाटातला जाड शब्दकोश काढून त्याला मराठी शब्द शोधायचे आणि दोन्ही एका डायरीत लिहायचे. माझे उच्चार ते घोकायचे आणि मी त्यांना हसून दुरुस्त करायची. घरात माझा आवाज मोठा व्हायचा तो तेवढाच वेळ. त्या आठवड्याच्या शाळेच्या यादीत दहा शब्द होते. मी जाणूनबुजून एकच उचलला. म्हटलं, “डिसइल्यूजन.”

बाबांनी हात धुतले, कोश आणला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. भ्रमनिरास, त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, यात काहीतरी गोम आहे. भ्रम जाणं ही तर चांगली गोष्ट. माणसाला खरं दिसायला लागलं. मग हा शब्द दुःखाचा का? कीर्तनकार म्हणतील भ्रम गेला, सुटलास बाबा, पेढे वाट. आई चुलीपाशी पाठमोरी होती. ती म्हणाली, “भ्रमात बरं चाललेलं असतं म्हणून.” बाबांनी डायरीत शब्द लिहिला, त्यासमोर अर्थ लिहिला आणि खाली रेघ मारली. त्यांचा हात अगदी स्थिर होता. मी मुद्दाम हाताकडेच बघत होते.

शाळेत त्याच शब्दाचं वाक्य करायचं होतं. मी लिहिलं होतं की राजपुत्र राजवाड्यात आला आणि त्याचा भ्रमनिरास झाला. आमच्या मिस थॉमसनी वही परत देताना लाल शाईत एवढंच विचारलं होतं, त्याला काय वाटत होतं ते आधी सांग. वर्गात त्या म्हणाल्या की हा शब्द फुकट मिळत नाही, आधी काहीतरी मनापासून मानलेलं असावं लागतं. मी पुढे आयुष्यभर शब्दांच्याच कामात राहिले, भाषांतरं केली, त्यामुळे या शब्दाचं काय होतं ते रोज बघते. संघ सामना हरला की चाहत्यांचा भ्रमनिरास, अंदाजपत्रकात सूट नाही की मध्यमवर्गाचा भ्रमनिरास. माझा हात शिवशिवतो. तिथे अपेक्षाभंग म्हणावं. अपेक्षाभंग उद्याचा असतो. जे येणार होतं ते आलं नाही, वाईट वाटलं, झालं. भ्रमनिरास कालचा असतो. जे होतं असं तुम्ही धरून चालला होतात ते नव्हतंच. म्हणून तो मागे जातो आणि एकेक करून झालेले दिवस खातो. त्या रात्रीपासून मी तेच करत बसले. उन्हाळ्यात बाबा उशिरा आले आणि म्हणाले होते सहा नंबरचं टूल बदललं, तो दिवस गेला. माझ्या वाढदिवसाला त्यांनी सांगितलं होतं की आज कोरलेली कडी दूरच्या धरणावर जाणार, तो वाढदिवस गेला. दीड वर्षाची जेवणं माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि प्रत्येक जेवणात मी हसून त्यांचे उच्चार दुरुस्त करत होते.

त्यातच टाऊनशिपमध्ये कुजबुज सुरू झाली होती की कामावरून कमी करायच्या जादा माणसांची आणखी एक यादी निघणार. आमच्या मागच्या रांगेतले एक वेल्डर पहिल्या यादीत होते. एका सकाळी त्यांची सायकल मोठ्या तलावाच्या कठड्याला टेकवलेली सापडली. बायका कुंपणापाशी हलक्या आवाजात बोलायच्या आणि मी गेले की भाजीच्या भावावर यायच्या. त्या आठवड्यांत मी शाळेतून आले की दारातच बसायची, पुस्तक उघडून. पाचच्या भोंग्यानंतर रस्ता सायकलींनी भरून जायचा. मी चेहरे बघत नसे, बाबांच्या सायकलचा पुढचा दिवा एका बाजूला कललेला होता तो शोधायची. तो दिसला की श्वास यायचा. आई म्हणायची, ही अभ्यास करते की रहदारी मोजते? आई त्याच दिवसांत अयोध्या नगरला जाऊन प्लॉट बघून आली होती, श्रीवास्तव आंटींबरोबर. निवृत्त होणारे सगळे तिकडेच घरं बांधत होते. कढीपत्ता कुठे लावायचा आणि माझ्या लग्नाचा मांडव कुठे मावेल हे तिचं ठरलं होतं. जेवताना ती बाबांना विचारायची, दक्षिणेकडे दार चालेल का? बाबा म्हणायचे, चालेल. त्यांना सगळंच चालत होतं.

मी ती डायरी उघडली तो रविवार होता. बाबा आंघोळीला गेले होते, आई गच्चीवर वाळवण उलटत होती. मला काय शोधायचं होतं ते माहीत नव्हतं. पुढच्या पानांवर माझे शब्द होते. मेलन्कली, खिन्नता. सॉलिट्यूड, एकांत. ट्वायलाइट, संधिप्रकाश. सगळे मी कवितांच्या पुस्तकातून, मोठ्या रुबाबात दिलेले. मग मी डायरी मागून उघडली. तिथे बाबांच्या बारीक अक्षरात दुसरीच यादी होती. स्पिंडल ओव्हरराइड. टूल ऑफसेट. फीड होल्ड. झीरो रिटर्न. पानामागून पानं, आणि समोरचा अर्थाचा रकाना कोरा. काही ठिकाणी पेन्सिलने प्रश्नचिन्ह. एका पानात घडी केलेला कागद होता. नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी इंग्रजीतून लेखी परीक्षा. पूर्वी अनुत्तीर्ण झालेल्यांना शेवटची संधी. जे बसणार नाहीत त्यांची नावं जादा कर्मचाऱ्यांत धरली जातील. खाली तारीख होती, दहा दिवसांनंतरची.

मला आठवलं. दीड वर्षापूर्वी, खेळ सुरू झाला त्या सुरुवातीच्या दिवसांत, बाबांनी एकदा वरणात पोळी बुडवत सहज विचारलं होतं, ऑफसेट म्हणजे काय गं? आणि मी म्हटलं होतं, “असले शब्द आम्हाला नसतात बाबा. ते कारखान्याचे शब्द आहेत.” नाक थोडं वर करून म्हटलं असेल. ते म्हणाले, हो हो, बरोबर आहे, तुझाच सांग. आणि मी त्यांना संधिप्रकाश दिला. बुडणाऱ्या माणसाने हात पुढे केला आणि मी त्यात रोज एक फूल ठेवत गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर का हवंय तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं तर सहा नंबर बंद आहे हेही. आईला हे सांगण्यापेक्षा त्यांनी नापास होणं पत्करलं. आणि आता, त्या कोऱ्या रकान्यांवरून दिसत होतं, ते परीक्षेला बसणारही नव्हते.

दहा दिवस माझ्या हातात होते. सांगायला सोपं आहे की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं, अर्थ शोधायला हवे होते. मी प्रयत्न केला. शाळेच्या ग्रंथालयात यंत्रांवरचं एकही पुस्तक नव्हतं. मिस थॉमसना विचारलं तर त्या म्हणाल्या, ओव्हरराइड म्हणजे वरचढ होणं, पण मशीनमध्ये काय ते वडिलांना विचार. एकदा मी जेवताना आजचा शब्द म्हणून ‘ऑफसेट’ म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं, बाबांनी चमचा खाली ठेवून माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मी ‘ऑटम’ म्हटलं. शरद ऋतू. त्यांनी लिहून घेतला. मी बोलले तर त्यांचं काय होईल याची भीती, नाही बोलले तर काय होईल याची भीती, आणि मध्ये ती कठड्याला टेकलेली सायकल. मी जेवेनाशी झाले. आईने दृष्ट काढली, मिरच्या खूप तडतडल्या, आई म्हणाली बघ किती लागली होती. आज माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरंच जास्त आहे आणि अजूनही मला कळत नाही की एका तीन खोल्यांच्या घरात तीन माणसं इतकी एकटी कशी राहत होती. ते क्वार्टर आम्ही पुढच्या उन्हाळ्यात सोडलं. मेंदीचं कुंपण आईने शेवटच्या दिवशीही कापलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पहिला भोंगा झाला तेव्हा आई स्वयंपाकघरात शिरा परतत होती. आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते की उद्या सहा नंबरवर फार मोठी कडी चढणार आहे, वर्षातलं सगळ्यात अवघड काम. म्हणून शिरा. तुपाचा आणि वेलचीचा वास घरभर होता. बाबा दारात खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते, एकदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. गणवेशाच्या खिशाला नेहमीचं पेन नव्हतं. परीक्षेला जाणारा माणूस पेन विसरत नाही. आई डबा घेऊन आली आणि म्हणाली, काम नीट झालं की साहेबांना सांगा, बायकोने शिरा केला होता. बाबा हसले. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यात कुणीच नव्हतं.

ते उठले, डबा सायकलच्या कॅरिअरला लावला. स्टँड काढल्याचा आवाज झाला. दुसऱ्या भोंग्याला वीस मिनिटं होती. प्रशिक्षण केंद्र फाटकाच्या अलीकडे, उजव्या हाताला होतं, भंगाराचा यार्ड सरळ आत. आई दारात उभी होती, पदराला हात पुसत. शेजारून श्रीवास्तव काकाही सायकल काढत होते. एवढ्या माणसांसमोर मी कधी मोठ्याने काही बोलले नव्हते. मी दप्तर खाली टाकलं, अंगणात उतरले आणि सायकलचं हँडल धरलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, मी बोलायच्या आधीच कळलं. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. मी खिशातलं माझं पेन काढून त्यांच्या खिशाला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “बाबा, पूजेच्या दिवशी मी आत आले होते. तुम्ही कुठे बसता ते मला माहीत आहे. आई, आज बाबांची परीक्षा आहे, आणि मी त्यांच्याबरोबर प्रशिक्षण केंद्राच्या दारापर्यंत जाणार आहे.”